मधलं अक्षर

बाईंना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण गावाने ते कधी मनावर घेतलं नव्हतं. कुणाला दुकानाची पाटी रंगवायची असो, वरच्या कचेरीत अर्ज धाडायचा असो, कागद आधी बाईंच्या टेबलावर यायचा. बाई चष्मा चढवायच्या, लाल पेन्सिलीला टोक आहे का ते बघायच्या आणि वाचायला घ्यायच्या. निम्म्या गावाला त्यांनीच पहिलीत हात धरून अक्षरं गिरवायला शिकवली होती. केस पांढरे झालेली माणसंसुद्धा ऱ्हस्व-दीर्घाची चूक निघाली की त्यांच्यासमोर जीभ चावायची.

त्या दिवशी नगरपालिकेचा कारकून आला तो दारातूनच हसत आला.

"बाई, पेपर तपासायला आणलाय. नऊच ओळी आहेत. मार्क मात्र द्यायचे नाहीत."

हा कारकून लहानपणी पाटी पुसायला थुंकी वापरायचा. बाईंनी त्याला खुर्ची दाखवली.

कागदावर नऊ नावं होती. बोट बुडाली त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होणार होतं. तीनशेबारा माणसं गेली होती, देशभर झेंडे अर्ध्यावर उतरले होते, आठवडाभर दुसरं काही कुणी बोलत नव्हतं. आता सरकारचं पत्रक निघालं होतं: ज्या ज्या गावातली माणसं गेली, त्या त्या गावाने चौकात एक शिळा उभारावी, तिच्यावर नावं कोरावीत. नावं अधिकृत यादीप्रमाणेच असावीत, असंही त्यात होतं.

"सोमवारपासून पाथरवट छिन्नी लावणार," कारकून म्हणाला. "तो म्हणतो, बाईंची सही झाल्याशिवाय मी दगडाला हात लावणार नाही. दगडावर खोडरबर चालत नाही, असं म्हणतो."

"शहाणाच आहे," बाई म्हणाल्या.

त्या वाचत सातव्या ओळीपर्यंत आल्या आणि त्यांची पेन्सिल थांबली. नाव तीनच अक्षरांचं होतं. पहिल्याला काही झालं नव्हतं, शेवटच्यालाही नाही. मधलं अक्षर 'ण' होतं.

"काय झालं? चुकलंय?"

"कागद राहू दे माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "शनिवारी देते."

नऊ ओळी वाचायला शनिवार कशाला, असं कारकुनाच्या तोंडावर आलं असावं. पण बाईंना उलटून विचारायची सवय गावात कुणालाच नव्हती. तो गेला. बाई त्या एका अक्षराकडे बघत बसून राहिल्या.

हे अक्षर त्यांचं होतं.

चौदा वर्षांपूर्वी, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान चालवणारी एक बाई मुलीला घेऊन शाळेत आली. मुलगी सहा वर्षांची, आईचा हात धरून स्वतःभोवती गरगर फिरत होती. पुढे वर्गात तिचं नावच भिंगरी पडलं. बाईंसमोर दाखल्यांचं जाडजूड रजिस्टर उघडं होतं, दाराबाहेर रांग होती. त्यांनी मुलीचं नाव विचारलं. आईने सांगितलं, मधलं अक्षर 'न'.

त्या घरात 'ण' नव्हताच. पाण्याला 'पानी', कोणाला 'कोन'. बाईंना अशी घरं माहीत होती. अशा घरातली मुलं चार महिन्यांत नीट बोलायला लागतात, यावर त्यांचा भरवसा होता आणि त्याचा थोडा अभिमानही. त्यांनी तिथल्या तिथे नाव दुरुस्त केलं आणि 'ण' लिहिला. आईने पुन्हा 'न' म्हटलं. बाईंनी तिला 'ण' म्हणून दाखवला. आणखी एकदा तसंच झालं. मग आई गप्प बसली.

शाळेच्या दाखल्यावरून वरच्या शाळेचा दाखला झाला, त्यावरून ओळखपत्र, त्यावरून शहरातल्या नर्सिंग कॉलेजचं कार्ड. सगळीकडे 'ण' गेला. एका पोरीची दोन नावं झाली आणि तेरा वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही.

मग सुट्टीत घरी यायला ती त्या बोटीवर चढली.

बंदराच्या गावात खेळाच्या मैदानावर तंबू ठोकले होते. ज्यांचं माणूस प्रवाशांच्या यादीत असेल, त्यांनाच ओळख पटवायला आत सोडत होते. बाहेर टेबलावर संगणक घेऊन पोरं बसली होती. भिंगरीची आई चार तास रांगेत उभी राहिली आणि तिने मुलीचं नाव सांगितलं. टेबलावरच्या पोराने ऐकलं तसं टाइप केलं, पडद्याकडे पाहिलं आणि त्याला बरंच वाटलं असावं. तो म्हणाला, "मावशी, नाव नाही यादीत. बोटीवर नसेलच ती. घरी जा, येईल." आई घरी आली. शेजारीपाजारी दारात जमले, कुणी तिला मिठी मारली. दोन दिवस तिने दार उघडं ठेवलं. चौथ्या दिवशी, उन्हामुळे, राहिलेली प्रेतं नंबर घालून एका मोठ्या खड्ड्यात पुरली गेली. आठव्या दिवशी कॉलेजचं पत्र आलं.

ते पत्र वाचून घ्यायला ती बाईंकडेच आली होती, कारण तिला वाचता येत नव्हतं. बाईंनी पाकीट फोडलं, पहिल्या ओळीत 'ण' पाहिला, आणि त्यांना सगळं कळलं. पत्र त्यांनी मोठ्याने वाचलं. कळलं होतं ते मात्र सांगितलं नाही.

त्यानंतर ती दर गुरुवारी येऊ लागली. गुरुवारी दुकान बंद असे. बाईंचे इस्त्री केलेले कपडे आणायची, ओट्याजवळच्या स्टुलावर बसायची, चहा प्यायची. मुलीबद्दल बोलायची, नाहीतर नुसती बसायची. 'तुमच्याकडे बसलं की जरा बरं वाटतं,' असं एकदा म्हणाली होती. बाई तेव्हा उठून उगाच कपबशी धुवायला गेल्या होत्या.

या गुरुवारी ती आली ती स्टुलावर बसलीच नाही.

"बाई, एक काम होतं. हसायचं नाही पन."

"मी कशाला हसू?"

"त्या दिवशी माइक असनार आहे म्हने चौकात. दगडावरचं कापड काढलं की ज्याने त्याने आपल्या मानसाचं नाव घ्यायचं. सगळ्या गावासमोर." तिने हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मला तिचं नाव नीट म्हनायला शिकवा. तुमच्या शाळेत म्हनायचे तसं."

बाईंनी चष्मा काढून ठेवला.

"अगं, तू म्हणतेस तेच म्हण की. तुझी मुलगी."

"म्हनूनच ना!" ती एकदम म्हणाली. "माझी जीभ अशी, म्हनून तर झालं सगळं. त्या पोराने मला विचारलं, नाव सांगा. मला शाळेतलं नाव कसंबसं म्हनता यायचं, बाई, जीभ वळवावी लागायची एवढंच. दाखला काढायला जायचे तेव्हा घरून घोकून जायचे मी. पन त्या दिवशी घाबरले होते. तोंडातून घरचंच आलं. नीट बोलले असते तर सापडली असती तिथंच. तोंड तरी बघितलं असतं मी तिचं."

हे ती पहिल्यांदाच बोलत होती. वर्षभर बाईंना वाटत होतं की ती त्या टेबलावरच्या पोराला दोष देत असेल, सरकारला देत असेल. ती स्वतःच्या जिभेला देत होती.

सांगायची वेळ हीच होती. बाईंनी तोंड उघडलंसुद्धा.

"बस," त्या म्हणाल्या. "इकडे उजेडात बस. माझ्या तोंडाकडे बघ."

आणि त्यांनी शिकवलं. पन्नास वर्षांची सवय त्यांच्या मदतीला आली. माणसाला जे सांगवत नाही, ते बाजूला ठेवायला हातातलं काम फार उपयोगी पडतं.

"'न' म्हणताना जीभ कुठे लागते? दातांच्या मागे. बरोबर. आता ती तिथून उचल आणि टोक मागे वळव, वर टाळूला लाव. घाई नको. लावलीस? आता सोड."

"न्ड."

"जवळ आलीस. पुन्हा."

"ण."

"शाबास."

ही शाबासकी बाईंच्या तोंडून आपोआप निघाली. पहिलीतल्या पोरांना द्यायच्या तशीच.

ती शिकायला हुशार निघाली. अर्ध्या तासात तिने अक्षर पकडलं आणि मग ते सोडेचना. सगळीकडे लावू लागली.

"बाई, चहा णको आज."

"अगं, जिथे नाही तिथे नको लावूस!"

"म्हणजे णाही म्हणायचं णाही?" ती म्हणाली, आणि हसली. वर्षभरात बाईंनी तिला हसताना पाहिलं नव्हतं. पुढचे दोन दात थोडे पुढे होते, मुलीचे होते तसे. बाईही हसल्या. हसता हसता त्यांना वाटलं, आपल्याइतकं नीच कुणी नसेल.

जाताना तिने दारात उभं राहून मुलीचं नाव दहा वेळा म्हटलं, मधे 'ण' घालून. दहाही वेळा बरोबर आलं.

त्या रात्री बाईंचा डोळा लागला नाही, आणि शुक्रवारी सकाळी त्या इस्त्रीच्या दुकानात गेल्या.

दुकान म्हणजे एक खोली. समोर फळ्यांचं टेबल, त्यावर घड्या घातलेली चादर, मागे दोरीवर वाळलेल्या कपड्यांची रांग, आणि तापलेल्या सुताचा वास. ती एका पांढऱ्या शर्टाची कॉलर दाबत होती. बाईंना पाहून तिने स्टूल पुढे सरकवलं.

"तुम्ही कशाला आलात? मी येते ना गुरुवारी."

"बसत नाही," बाई म्हणाल्या. "उभ्यानेच सांगते. बसले तर परत सांगायचं राहील."

आणि त्यांनी सांगितलं. सोपं करून सांगितलं नाही, आडून सांगितलं नाही. तू नाव सांगितलंस ते बरोबर होतं. मी ते बदललं. मला वाटलं, तुला म्हणता येत नाही. तुझी जीभ चुकली नाही, माझा हात चुकला.

अशा वेळी हातातली इस्त्री थांबते आणि शर्ट जळतो, असं बाईंना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिने कॉलर पुरी केली, बाही पसरली, पाण्याचे थेंब शिंपडले, बाही दाबली. शर्ट उलटा केला, घडी घातली आणि बाजूच्या ढिगावर ठेवला.

"मी तीनदा सांगितलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "माझ्या आईचं नाव आहे, असं पन सांगनार होते. पन तुम्ही हसलात."

बाईंना हसल्याचं आठवत नव्हतं.

"मला वाटलं, बाईंना जास्त कळतं. माझ्या आईचं नाव मलाच म्हनता येत नाही, असं वाटलं." तिने इस्त्री उभी करून ठेवली. "तुम्हाला कधी कळलं हे?"

"तू कॉलेजचं पत्र आणलंस, त्या दिवशी."

"म्हनजे वर्ष झालं."

"हो."

"वर्षभर मी दर गुरुवारी येत होते."

बाईंनी मान हलवली.

"आनि काल? काल मला जीभ वळवायला लावलीत, ती?"

 चूक झाली तेव्हा बाईंना माहीत नव्हतं, असं तरी म्हणता आलं असतं. कालचं मात्र त्यांनी जाणूनबुजून केलं होतं.

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "मावशी, माझी पँट झाली का?" तिने दोरीवरून पँट काढली, नीट घडी करून त्याला दिली, आणि परत टेबलाशी आली.

"दगडावर 'न' लिहायला सांगा," ती म्हणाली.

"सांगते. माझ्या सहीने सांगते."

तिने खालच्या फळीवरून एक पुडकं काढलं. बाईंचेच कपडे होते. पुढच्या गुरुवारचे.

"हे झालेत," ती म्हणाली. "घेऊन जा."

शनिवारी बाई स्वतः नगरपालिकेत गेल्या. कारकुनाने कागद पाहिला, लाल पेन्सिलीने खोडलेला 'ण' पाहिला आणि डोकं खाजवलं.

"बाई, यादी वरून आलीय. वरच्या यादीत बदल करायचा तर मूळ नोंद चुकीची होती, असं लेखी लागेल. ती नोंद कुणी केली ते कसं शोधणार आता? चौदा वर्षं झाली."

"शोधायला नको. मी केली."

त्याने दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "असं करू. 'लेखनिकाच्या नजरचुकीने' असं लिहितो मी. त्यात कुणाचं नाव येत नाही. कशाला उगाच तुमच्या नावाला…"

"लेखनिक कुठला आला? नजरचूकही नव्हती ती. चांगले डोळे उघडे ठेवून लिहिलं मी. कागद दे."

त्यांनी चार ओळी लिहिल्या. अक्षर नेहमीसारखंच होतं, वळणदार, रेषेला धरून. खाली सही केली. कारकुनाने तो कागद दोनदा वाचला आणि फाईलला लावला. लहानपणी बाईंनी त्याच्या वहीवर लाल फुली मारली की तो असाच मान खाली घालायचा. आज त्याने मान का खाली घातली, हे बाईंना कळत होतं.

पाथरवटाने काहीच विचारलं नाही. "'न' असेल तर 'न'," एवढंच म्हणाला. "लवकर होतो."

पुढचा गुरुवार आला. बाईंनी चहाचं आधण ठेवलं, थोड्या वेळाने गॅस बंद केला. त्यानंतरच्या गुरुवारी ठेवलं नाही. कपडे त्या स्वतःच धुवून, उशीखाली दाबून घालू लागल्या. दुसऱ्या इस्त्रीवाल्याकडे जायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

शिळेवरचं कापड काढायचा दिवस ढगाळ निघाला. चौकात खुर्च्या मांडल्या होत्या, अर्ध्या रिकाम्या राहिल्या. शिळेवर पांढरं कापड होतं. नगरपालिकेच्या अध्यक्षांनी भाषण केलं, त्यात ते एकदा 'अपरिमित' म्हणाले आणि एकदा 'अपरिमीत'. बाईंच्या शेजारची एक म्हातारी हळूच म्हणाली, "बाई, दोन्ही कान उघडे ठेवा, लाल पेन्सिल लागेल." एरवी बाई हसल्या असत्या.

कापड काढलं. मग एकेका घरातलं माणूस माइकपाशी येऊ लागलं. कुणी नाव घेऊन लगेच वळलं. एका म्हाताऱ्याला मुलाचं नाव पुरं होईना, नातवाने केलं. सहा नावं झाली.

भिंगरीची आई पुढे आली. तिने गडद रंगाचे साधे कपडे घातले होते, त्यावर एक सुरकुती नव्हती. माइक तिच्यासाठी उंच होता, कारकुनाने तो खाली केला. तो खाली करताना कर्रकन आवाज झाला आणि ती दचकली. समोर सगळं गाव. खुर्च्या, डोकी, चेहरे. तिने ओठ ओले केले.

बाईंनी तिचं तोंड पाहिलं. ती घाबरली होती. ती जीभ उचलत होती.

तिने मुलीचं नाव घेतलं. चौकभर ऐकू गेलं. मधलं अक्षर 'ण' होतं, खणखणीत, जसं बाईंनी शिकवलं होतं तसं.

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. गाव मुलीला शाळेतल्या याच नावाने ओळखत होतं. पण आईला ऐकू आलं. ती माइकपाशी तशीच उभी राहिली. तिचे ओठ पुन्हा हलले, आवाज फुटला नाही. जीभ दातांमागे न्यायची होती, एवढंच. ती जागाच तिला सापडत नव्हती. पाठीमागे आठव्या घरातलं माणूस उभं होतं. अध्यक्ष पुढे आले, त्यांनी मायेने तिच्या कोपराला धरलं.

"छान म्हणालात, ताई," ते म्हणाले, आणि माइक सुरूच होता. "अगदी स्पष्ट."

ती बाजूला झाली. पुढची दोन नावं कशी घेतली गेली, ते बाईंनी ऐकलं नाही. लोक उठले, खुर्च्या एकात एक घालायला सुरुवात झाली. ती शिळेसमोर गेली आणि ओळींवरून नजर फिरवू लागली. वरून खाली, खालून वर. नऊ ओळी तिला सारख्याच होत्या. त्यातली आपली कुठली, हे तिला कळत नव्हतं.

बाई तिच्याजवळ गेल्या. हातभर अंतर ठेवून थांबल्या.

"सातवी," त्या म्हणाल्या. "वरून सातवी ओळ आहे. दाखवू?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"राहू द्या, बाई," ती म्हणाली. "मी पाथरवटाला विचारते."